पांघरुणाखालचा खेळ

बुधवार, १२ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. आपल्या टेकडीवरच्या राष्ट्रदिनाच्या तोफांना यंदा हुकूम तू देणार, हे वाचलं. गल्लीत सगळ्यांना कळलंय. शेजारच्या काकू म्हणाल्या, आता तुमच्या खिडक्या तुमच्याच घरचा माणूस हादरवणार. मीही हसले.

इकडे ठीक. झेंडे शिवून होत आले, घरभर कापड पसरलंय. आई खाटेवरच असते, जेवण कमी झालंय. बाळ चालायला लागलंय. त्याला मी सासरी ठेवलंय. राष्ट्रदिन होईपर्यंत तिकडेच राहू दे.

गेल्या राष्ट्रदिनी त्याला दम लागला, असं तुला कळवलं होतं. तो दम नव्हता. पहिली तोफ झाली तशी आई खाटेवरून उठली. बाळाला पांघरुणाखाली घेतलं आणि त्याच्या तोंडावर हात दाबला. मी तिची बोटं सोडवली तेव्हा त्याचे ओठ निळे होते.

आपला खेळ तुला आठवत असेल. राष्ट्रदिनी सकाळी खिडक्या लावून ती आपल्याला पांघरुणात घ्यायची. जो आवाज करेल तो हरला. तू नेहमी जिंकायचास.

परवा मी तिला त्याबद्दल विचारलं. भाजी निवडताना काहीतरी सांगावं, तशी ती बोलली. टेकडी ओसाड होती, असं दरवर्षी भाषणात सांगतात. तिथं आईची माणसं राहत होती. फौज तोफा घेऊन आली तेव्हा ती सगळी ओढ्याकाठच्या कपारीत लपली. आईच्या मांडीवर तिचा पहिला मुलगा होता. तो रडायला लागला.

“तोफा थांबेपर्यंत दाबून धरलं,” आई म्हणाली. “बाकीचे सगळे वाचले.”

बाबांशी लग्न नंतरचं. बाबांना हे माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही.

सोमवारपासून टेकडीवर सराव चालू आहे. घरात बाळ नाही, म्हणून आई उशी घेते. काल मी तिच्या हातावर हात ठेवला. दादा, खाली उशी हलत होती. आधी जोरात, मग हळूहळू. तोफा थांबल्या, तशी तीही थांबली.

“झोपला,” आई म्हणाली आणि उशीवर पांघरूण घातलं.

ही नेमणूक तुझ्यासाठी किती मोठी आहे, ते मला कळतं. नकार दिलास तर काय काय ऐकून घ्यावं लागेल, तेही. पण हुकूम दुसरं कुणीही देईल. तू त्या सकाळी घरी ये. तिच्याजवळ आडवा हो. तिला तोंडावर हात ठेवू दे. आणि तोफ वाजली की लहान मुलासारखा मोठ्यानं ओरड. लोक काय म्हणतील, ते नंतर बघू. रडलेलं मूल जिवंत राहिलेलं तिला एकदा पाहू दे.

दार लोटलेलंच ठेवते.

तुझी धाकटी बहीण,
आईचं तिसरं मूल