समोर बसून शिकलेला हात

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः निवृत्त झाले, तरी तुमच्यावर चिडायला या आठवड्यात नवं कारण सापडलं. मी ड्रम शिकते आहे. अख्खा सेट, पायाने वाजवायच्या मोठ्या ढोलासकट. आणि आठ ठोक्यांचा एक साधा तुकडा, उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, महिनाभर मला सरळ येत नाही. पहिला ठोका डाव्या हाताचाच पडतो, आणि झांजेकडे वळायचं म्हटलं की दोन्ही हात एकमेकांत अडकतात. शिकवणारी मुलगी माझ्या भाचीपेक्षा लहान. परवा तिने विचारलं, "काकू, तुम्ही लेफ्टी आहात का?" नाही म्हटलं. "मग हात असा उलटा कोणी शिकवला?"

कोणीही नाही, हीच तर माझी तक्रार आहे. कोराडीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर, रविवारची सकाळ. प्लांटला तुमची सुट्टी, संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं आहे. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचा जुना रबरी तुकडा पाटावर ठोकून त्यावर तुम्ही सराव करता, शेजारी दादा काड्या घेऊन, आणि मी तुमच्या पाठीमागे मेथी निवडते आहे. दादा सहाव्या ठोक्याला हमखास घसरतो. त्या दिवशी मला राहवलं नाही. पालथ्या परातीवर बोटांनी मी तो तुकडा पुरा केला. तुम्ही वळून पाहिलंत. "काहून वं, ढोल बडवायले घातलं का तुले कॉन्व्हेंटमध्ये?" दादा खिदळला. आई म्हणाली, "बरोबर तं वाजवून राहिली पोरगी." तुम्ही पुन्हा दादाकडे वळलात. त्यावर मी पन्नास वर्षं रुसले.

परवा क्लासमधून परतताना मात्र त्याच्या पुढचा रविवार आठवला. तुम्ही पाट फिरवला होता, थेट माझ्याकडे तोंड करून. दादाला मान वाकडी करून बघावं लागत होतं. मला वाटलं, माझ्यावर नजर ठेवायला. मग दर रविवारी तेच. आणि वाजवायचात इतकं सावकाश की दादा कुरकुरायचा, "बाबा, झोप येऊन राहिली न." मी परातीखाली बोटं लपवून तुमच्या हातांची नक्कल करत असे.

म्हणजे तुम्ही मला शिकवत होता? मग एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं? मी शेजारी येऊन बसले असते. समोर बसणाऱ्याला तुमचा उजवा तो डावा दिसतो, एवढं ड्रमवाल्या माणसाला सुचू नये? आमच्या सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या, पण शिकवतो आहोत हे निदान लपवायच्या नाहीत.

शिकवणारी मुलगी म्हणते, पंधरा दिवस रोज केलं तर हात सरळ होईल. होईलही. क्लासमध्ये मी उजव्यानेच सुरू करते, चुकते, पुन्हा करते. घरी मात्र उशीवर डाव्याने वाजवते, तुमच्या त्या झोप आणणाऱ्या लयीत. तिथे एकदाही चुकत नाही. हे मी तिला सांगितलेलं नाही.