चार डोळ्यांचं पिल्लू

तीर्थरूप मामांस,

भाचीचा वाकून नमस्कार. (टेबलाशी बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले आहे, उरलेलं भेटीत.) मामींचे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात तुम्ही 'बरे आहेत' एवढंच लिहिलंत, आणि तुम्ही एखाद्या गोष्टीबद्दल दोनच शब्द लिहिता तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं, हे मी तुमच्याकडूनच शिकले. आईची चौकशी तुम्ही नेहमीप्रमाणे केली नाहीत, म्हणून ती कशी आहे ते मीही कळवत नाही. (ठणठणीत आहे. तिनेही तुमची चौकशी केली नाही, पण 'मामाचं पत्र आलं का' हे मात्र फोनवर दोनदा विचारलं.) आजोबा गेले, त्यांचं खिशातलं घड्याळ सापडेना, तुम्ही आईकडे बघितलंत, आईने तुमच्याकडे बघितलं, आणि त्या दिवसापासून तुम्ही सख्खे भाऊबहीण एकमेकांना पाण्यात बघता. त्यात मी पडत नाही. मी लिहिते आहे ती तुमचा पोलीस खात्यातला जुना ओव्हरकोट पोचला हे कळवायला. उबदार आहे, फक्त डावीकडे जरा जड वाटतो. पार्सलला दुहेरी चिकटपट्टी होती म्हणून आधी पोस्टमनचाच संशय आला, मग आठवलं की तुम्ही साखरेच्या डब्यालाही दुहेरी पट्टी लावता.

कोट कशाला मागवला ते आता सांगते. माझ्या टाकीत चोरी होत होती. माझं काम म्हणजे मासे पाळणं, असं तुम्ही सगळ्यांना सांगता, ते तसं नाही. माशांची पिल्लं कशी वागतात, का मरतात आणि कशी जगतात, ते मी बघते. अंड्यातून निघालेलं पिल्लू पापणीच्या केसाएवढं, काचेसारखं आरपार. पोटाशी बलकाची शिदोरी बांधलेली असते, ती संपायच्या आत पहिला घास मिळाला तर ठीक, नाहीतर खेळ खलास. समुद्रात हजारांतलं एखादं मोठं होतं. यंदा माझ्या बऱ्याच पिल्लांनी तो पहिला घास घेतला, तांदळाच्या कणीएवढी झाली, मी आले की काचेशी गर्दी करायला लागली. मला किती आनंद झाला ते सांगत नाही, दृष्ट लागेल. लागलीच. पिल्लं कमी व्हायला लागली. मेलेलं पिल्लू तळाशी पडतं आणि मी ते नळीने ओढून काढते, पण इथे तळ चकचकीत. आणि जिथे मुडदा नाही तिथे खून नाही, चोरी आहे, हे वाक्य तुमचंच. त्यातून संचालकबाईंनी बजावलेलं, की मागच्या खेपांसारखी हीही पिल्लं हातची गेली तर टाकी खेकड्यांचा अभ्यास करणाऱ्या शेजारच्या खेकडेवाल्यांना द्यायची आणि मी वाचनालयात बसून दुसऱ्यांच्या माशांबद्दल वाचायचं.

आता संशयित. पहिल्या सफाईवाल्या मावशी. पण त्या माझ्या खोलीत पाऊल टाकत नाहीत (समुद्राच्या पाण्याने चपला खराब होतात म्हणतात, मी चपला तपासल्या, खरं आहे). दुसरा वीजवाला, तो दिवे बदलायला येतो आणि काम झालं तरी जात नाही. मग कळलं की त्याला माझ्या खोलीतला गारवा आवडतो. उरले शेजारच्या खोलीतले खेकडेवाले. वयाने माझ्याएवढेच, विद्वान, दारात भेटले की बाजूला होऊन आधी मला जाऊ देतात. अति नम्रता हे धूर्ताचं लक्षण. शिवाय त्यांचे खेकडे दिवसेंदिवस गुबगुबीत होत होते. त्यांना खाऊ कुठून मिळत होता? आणि टाकी कुणाला मिळणार होती? ज्याचा फायदा त्याच्यावर नजर ठेव, हेही तुमचंच.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तुमचा कोट चढवून पाण्याच्या पिंपांमागे दबा धरून बसले. (डब्यातलं तिथेच खाल्लं, बाहीला थोडं लागलं आहे, धुऊन देईन.) आणि मामा, ते आलेच! माझ्या टाकीवर वाकले, इकडेतिकडे बघितलं, खिशात हात घातला. मी 'थांबा!' म्हणून उभी राहिले तशी ते इतके दचकले की त्यांचा चष्मा टाकीत. खिशातून निघाला रुमाल. दिवा उगाच जळत होता तो बंद करायला आलो, म्हणाले. मी त्यांना चष्मा दिला, विश्वास दिला नाही. तो चष्मा काढतानाच मला ते दिसलं. एक जाडं पिल्लू, दोन डोळे डोक्यात आणि दोन डोळे पोटात! चार डोळे! खेकड्यांचं कसलंतरी औषध माझ्या पाण्यात कालवल्याशिवाय असं व्यंग येणं शक्यच नव्हतं. मी पुरावा काचेच्या वाडग्यात घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकबाईंसकट सगळ्यांना जमवलं.

जमले. मी भाषण केलं (चांगलं झालं, विश्वासघात हा शब्द बऱ्याचदा आला) आणि वाडगा पुढे केला. पिल्लाला दोनच डोळे. मी तिथल्या तिथे खेकडेवाल्यांवर पुरावा बदलल्याचा आरोप ठेवला. संचालकबाईंनी हळूच विचारलं, किल्ली कुणाकडे होती? माझ्या गळ्यात. कुणी हसलं नाही, ते जास्त लागलं. तेवढ्यात खेकडेवाले म्हणाले, यात एक लहान पिल्लू सोडून बघू या का? सोडलं. जाड्याने अंग वाकवलं, क्षणभर थबकलं, आणि धाकट्याला शेपटीकडून गट्ट केलं. आरपार पोट. चार डोळे, मामा. सगळ्यांच्या देखत. कालचे पोटातले दोन रात्रीत पचले होते.

म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. एकाच वेळी जन्मलेली भावंडं, त्यातली काही भराभर वाढली, वेळेवर पोटभर मिळालं नाही, आणि शेजारी पोहणारं भावंडच खाऊ दिसायला लागलं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण आपली पिल्लं तसली नाहीत, असं प्रत्येक आईला वाटतं. खेकडेवाल्यांकडे हे रोजचंच, त्यांना वाटलं मलाही ठाऊक असेल, म्हणून बोलले नाहीत. मी माफी मागितली. शरमेने कान इतके तापले की कोट काढावा लागला. आता मोठी पिल्लं चाळणीने वेगळी करते, खाणं थोडं थोडं पण सारखं देते, आणि गळती थांबली आहे. टाकी तूर्त माझ्याकडेच आहे. वेगळ्या केलेल्या दांडग्यांसाठी खेकडेवाल्यांनी आपली एक टाकी आपण होऊन दिली. (का दिली असेल? डोळा ठेवून आहे.)

तुम्ही आता 'काखेत कळसा नि गावाला वळसा' म्हणून हसाल. हसा. मामींना नमस्कार, आणि गुडघ्यांचं खरं काय ते त्यांनाच लिहायला सांगा.

तुमची,
तपासात नापास झालेली भाची

ता. क. कोट काढला तेव्हा डावीकडचं वजन खुर्चीवर आपटून ठण्ण वाजलं. आतला खिसा फाटलेला आहे, त्यातून काहीतरी अस्तरात गेलं होतं. उसवून बघितलं. आजोबांचं घड्याळ. शेवटच्या आजारात त्यांना थंडी सोसत नव्हती म्हणून दवाखान्यात हाच कोट तुम्ही त्यांच्या अंगावर घातला होतात. त्यांनीच जपून आत ठेवलं असणार. किल्ली दिली, चालतं.

आणखी ता. क. आई रविवारी माझ्याकडे येते आहे. तिला काही सांगितलेलं नाही. घड्याळ होतं तिथेच ठेवून वर टाके घातले आहेत. तुम्ही या, कोट न्यायला म्हणून या, आणि तिच्यासमोर तुमच्याच हाताने काढा. डाव्या बाजूला आहे, मामा. काखेच्या जरा खाली.