पिल्लाईखालचा कापूस

करुणाचे बाबा,

मी रामाकोन्याले चालली. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

कोंबडीच्या पिल्लाईले थंडी लागन म्हणून तुम्ही परवा खोक्यात घरचा कापूस अंथरला. मऊ दिसते, पण त्याचे धागे पायाले गुंडाळतात. काल दिवसभर मी कैची घेऊन एकेकाचे पाय सोडवून राहिली होती. एक अजून लंगडते. आता पेपरही टाकू नोका, त्याच्यावर पिल्लं घसरतात. आरा मशीनचा बारीक भुसा तं दाणा समजून खातात. मोरीच्या बाजूले पोत्यात धानाचा कोरडा कोंडा हाय. तोच दोन बोटं जाड टाका आन ओला झाला की बदला. बल्ब बंद करू नोका.

भाजी झाकून ठेवली. चहा तुमचा तुम्ही करा.

पिल्लाईसाठी तुमचा जीव किती तुटते, ते मी पाहिलं. करुणाले आठवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी होते, हे तुम्हाले सांगून सांगून मी थकली. आता विचारत नाही, संध्याकाळी तिले सासरहून घेऊनच येईन. तिनं लग्न आपल्या मनानं केलं, त्याले दोन वर्षं झाली. तिले पाहून दारातून आत निघून जाऊ नोका, 'ये' म्हणा.

उरलेला कापूस निवडून पलंगावर ठेवला हाय. तो पिल्लाईले चालत नाही, माणसाच्या लेकराले चालते. लहानशी गादी भरून ठेवा.

यमुना