पडद्यापुढची जागा

२१ एप्रिल १९८०, सोमवार

ठरलं! पौर्णिमेला वाडीत सिनेमा — बुद्धांवरचा. माझे चुलतदीर हैबतीभाऊजी वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष. ते पोलादपूरहून सांगतच आले. मशीन मुंबईहून येणार, पडदा मात्र आपला आपण बघायचा.

सासूबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मागल्या साली बघितला, त्यात भगवान डावरे होते गो."

मी हसले. मग हसू थांबलं. मागल्या वर्षी आम्हां बायकांना पडद्याच्या मागे बसवलं होतं. मागून सगळं उलटं दिसतं — आशीर्वादाचा उजवा हात डावा होतो. मला नावांची अक्षरं उलटी दिसली म्हणून कळलं. आणि मी गप्प बसले. सासूबाईंना सत्तराव्या वर्षी वाटतंय, बुद्ध डावरे!

२४ एप्रिल

पडद्याला एवढं मोठं कापड कुठून आणायचं? बायकांनीच तोड काढली. जयंतीला नेसायची पांढरी लुगडी जोडायची. कापायची नाहीत, नुसता धावदोरा. नंतर उसवून ज्याचं त्याला. पाच लुगडी दुहेरी घालून पुरली.

शिवताना सगळ्यांना गौतमीची गोष्ट सांगितली, सिनेमात आहे म्हणून. बुद्धांना वाढवणारी मावशी. तिनं चीवर, म्हणजे संघात यायचं भिक्खूंचं वस्त्र, मागितलं, तीनदा "नाही" ऐकलं. मग केस कापले आणि पाचशे जणींना घेऊन अनवाणी वैशालीपर्यंत चालत गेली. तिथं मिळालं.

शेजारची चंद्रभागा म्हणाली, "आमचा दादला एकदा नाय म्हनला की मी चूलच पेटवत नाय. लगेच हो!"

हसून हसून टाके चुकले. सासूबाई हसल्या नाहीत. "तीनदा?" एवढंच विचारलं. सुई तशीच हातात.

२९ एप्रिल

भाऊजी सांगून गेले, "बायका पडद्यामागं, नेहमीसारख्या. पुढं महाडच्या विहारातले भंतेजी, पाव्हणे, पुरुष मंडळी."

मी तोंड उघडलं — आणि "बरं" म्हणाले. बेचाळीस वर्षांची बाई मी. मासिकात गोष्टी छापून येतात माझ्या, धीट बायांच्या! लाज वाटली.

१ मे

काल जे झालं ते लिहायलाच हवं.

दिवेलागणीला पडदा लागला. बायका सवयीनं मागं वळल्या. सासूबाई मात्र सरळ पडद्यापाशी गेल्या आणि कोपऱ्यातला टाका नखानं उसवायला लागल्या.

"काकी! हे काय?" भाऊजी धावले.

"माझं लुगडं घेते. नेसून घरी बसते. तुम्ही बघा उरल्या भोकातून शिनेमा."

चंद्रभागा लगेच सासूबाईंना, "बनुबाय, माझं बी सोडवा गो!"

मशीनवाला जनरेटर सुरू करून ताटकळलेला. भाऊजी एकदा भंतेजींकडे बघतात, एकदा त्या वाढत्या भोकाकडे. आणि मग एक आवाज आला. माझाच! "भाऊजी, आम्ही पुढं बसतो. निम्मं अंगण आमचं."

"बसा, बसा," भाऊजी म्हणाले. "पण आधी टाका घाला!"

घातला. मगच मशीन चालू झालं.

चाळीस बाया पुढं. भगवंतांनी हात वर केला तेव्हा सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. "उजवा हाय गो! उजवा!" भंतेजींनीसुद्धा वळून बघितलं.

त्यांच्या लुगड्याचा निळा काठ पडद्यावर आडवा दिसत होता. गौतमी बोलायला उभी राहिली आणि तो काठ नेमका तिच्या खांद्यावरून गेला. मग पाचशे जणी धूळ उडवत निघाल्या — आमच्या लुगड्यांवरून! एकही बाई हलली नाही. अभिमान वाटला. त्यांचा, आमचा. आणि, लिहूनच टाकते, थोडासा माझाही.

२ मे

लुगडी उसवून वाटली. सासूबाईंनी आपलं धुऊन, घडी घालून उशाशी ठेवलं. पेटीत का नाही, म्हटलं. "असू दे हाताशी," म्हणाल्या.

३ मे

सासूबाई सकाळच्या एस्टीनं महाडजवळ सवला गेल्या, गरम कुंडावर गुडघे शेकायला. मी येते म्हटलं तर "सोबत नको."

४ मे

सासूबाई परतल्या आणि सांगितलं. सवला गेल्याच नव्हत्या! महाडला उतरून भंतेजींना गाठलं. चीवर मागितलं. ते म्हणाले, भिक्खुणींची परंपरा केव्हाच खंडली, बायकांना देता येत नाही.

मला रडू फुटलं. त्या नकारानं, की त्या घर सोडायला निघाल्या म्हणून — कळेना.

त्यांनी ही वही माझ्यापुढं सरकवली. "रडतेस काय? एक नाय झाला. अजून दोन बाकी हायत. अर्ज लिव."