उरलेली अर्धी प्रार्थना

४ सप्टेंबर
बेटावर पोहोचलो. बोट वाटभर हेलकावत आली, पण धक्क्यावर पाय ठेवला आणि लख्ख ऊन पडलं. फान्श न्यायला आला होता. पाणबुडे त्याच्याच बोटीवरून इथल्या बुडालेल्या जहाजांवर उतरतात. माझी पिशवी उचलत म्हणाला, "ब्रेस्टच्या गोदीत जन्मभर जहाजांची पोटं बाहेरून घासलीस ना गुल्वेन, आता जरा आत शिरून बघ." मीही हसलो.

चर्चमागे सोआझिक आजींकडे राहायची सोय झाली आहे. जेवायला कुट्टूची धिरडी, खारं लोणी आणि मेंढीचं कालवण. खिडकीतून समुद्र दिसतो.

माझा धाकटा भाऊ मालो दोन वर्षांपूर्वी इथल्या एका बुडालेल्या मालवाहू जहाजात उतरला, तो वर आलाच नाही. त्याला घरी न्यायला आलोय. समुद्राने परत न दिलेल्या माणसासाठी या बेटावर तळहाताएवढा मेणाचा क्रूस करतात. संध्याकाळी तो टेबलावर ठेवून त्याच्यासमोर प्रार्थना म्हणतात आणि सकाळी माणसासारखाच पुरतात. मालोचा केला का, असं आजींनी विचारलं. मी म्हटलं, आई ऐकत नाही. ती अंथरुणाला खिळली आहे आणि तिचं एकच म्हणणं आहे: मेण नको, माझं पोर आण. ती आहे तोवर त्याला घरी न्यायला हवं.

७ सप्टेंबर
पहिली बुडी. दोरीचं वरचं टोक तरंगत्या गोळ्याला, खालचं जहाजाच्या कठड्याला. थोडं खाली गेलं की हिरवं पाणी राखाडी होतं, मग काळं. थंडी दातांत शिरते. जहाज कुशीवर निजलं आहे. कप्तानाच्या खोलीत सापासारखी एक जाडजूड वाम राहते, तिने मला बराच वेळ न्याहाळलं. मालो दिसला नाही.

इतक्या खोलीवरून सरळ वर येता येत नाही. रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस मरतो. म्हणून दोरी धरून थांबत थांबत यायचं. ती वेळ मी मारियेच्या प्रार्थनेत घालवतो. घरी ती आम्हा दोघांत वाटलेली असायची. पहिला अर्धा भाग मी म्हणायचो, उरलेला, 'हे पवित्र माते'पासून 'आमच्या मरणाच्या वेळी, आमेन'पर्यंत, मालो, तोही घाईघाईने, कारण सूप निवायचं. त्या सवयीने आजही पहिला भाग मनात म्हणून क्षणभर थांबलो. मग उरलेलाही मीच म्हटला. फार बरं वाटलं.

११ सप्टेंबर
जहाजाच्या दुसऱ्या मालकोठीच्या तोंडाशी मालोचा हातमोजा सापडला. आईने विणलेल्या नाडीचा.

वर येताना प्रार्थनेचा पहिला भाग म्हणून मी थांबलो, त्या खंडात दोरी थरथरली. फान्शला सांगितलं. म्हणाला प्रवाह असेल, दोरी गुणगुणतेच. मग हसत म्हणाला, "का तिला आमेन म्हणायला शिकवलंस?"

१५ सप्टेंबर
आज भरती-ओहोटीच्या मधली वेळ होती. पाणी विहिरीसारखं स्तब्ध, प्रवाह नावालाही नाही. मी पहिला भाग म्हटला. दोरी हातात थरथरू लागली, उरलेल्या भागाला लागतो तेवढाच वेळ, किंबहुना जरा कमीच. घाईघाईने.

भीती वाटली नाही. मुखवट्याच्या आत रडलो. मालो खाली आहे, आणि त्याला मी कळतोय.

आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली पळी खाली ठेवली. म्हणाल्या, त्या जहाजावरचे खलाशी परदेशी होते, त्यांच्यासाठी कुणी क्रूस केला नाही. "तू एकाला साद घालतोस, पोरा. पण प्रतिसाद द्यायला तिथे सगळेच बसलेत." आणि खाली पुन्हा प्रार्थना म्हणू नकोस, असं बजावलं.

१९ सप्टेंबर
सकाळी आईचा फोन. आवाज अगदी खोल गेलेला. सापडला का, एवढंच विचारलं.

म्हणून गेलो. मालो नाही सापडला. वर येताना पहिल्या थांब्यावर मोह आवरला नाही.

प्रतिसाद आला. या वेळी घाई नव्हती. संथ, जड, भरलेल्या चर्चमध्ये मागच्या बाकांवरून उठतो तसा. दोरी ताणली गेली. मी प्रार्थना थांबवली. अजून कितीतरी थांबायचं होतं. वर जाता येत नाही, खाली बघवत नाही.

मग दोरीनेच सुरुवात केली.

पहिला अर्धा भाग. माझा भाग. आणि थांबली. माझी वाट बघत.

मी जीभ दातांखाली धरली. तिने पुन्हा सुरू केलं. पुन्हा थांबली. बोटीवर येईपर्यंत हेच.

२१ सप्टेंबर
आता उतरणार नाही. फान्श दोरी काढायला एकटाच गेला, ओढायच्या आधीच ती सैल होऊन वर आली. खालची गाठ तुटलेली नव्हती. सोडलेली होती. तो आज एकही थट्टा करत नाहीये. नेहमीप्रमाणे दोरी आजींच्या ओसरीत वाळत टाकून निघून गेला.

आईला फोन केला. मला आता खाली जाववत नाही, एवढंच सांगितलं. मग म्हणाली, "मेणाचा कर मग. पण प्रार्थना पुरी कर रे. माझ्या पोराला अर्ध्यात ठेवू नकोस."

२२ सप्टेंबर, संध्याकाळ
क्रूस टेबलावर आहे. पांढरं कापड, दोन मेणबत्त्या. वादळ आलंय, गावातून कुणी आलं नाही. आजी पाद्रीबाबांना आणायला गेल्या. जाताना सांगून गेल्या — "सुरुवात मी करीन, तू उत्तर दे. क्रूसासमोर सुरू झालेली प्रार्थना अर्धी राहिली तर तो माणूसही तसाच राहतो. म्हणून मी येईपर्यंत सुरू करू नकोस."

मी सुरू केली नाही.

ओसरीत दोरी हलतेय. वारा असेल —

वारा नाही. दार किलकिलं करून पाहिलं. दोरी वेटोळ्यातून सुटून फाटकाबाहेर गेली आहे, उतारावरून समुद्राकडे. ताठ. तिच्यावरून पाणी ओघळतंय.

दार लावलं. दोरीचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलेलं — मी बांधलं नव्हतं.

कडी वाजतेय. ओळखीच्या ठेक्यात. पहिला अर्धा भाग. मग शांत.

हा मालो नाही. मालोने सुरुवात कधीच केली नाही. तो नेहमी माझ्यामागून —

पुन्हा. पुन्हा शांत. क्रूसाला घाम फुटल्यासारखे थेंब. चाटून पाहिलं. खारट.

आजी नाहीत अजून. उत्तर दिलं तर मी त्या खलाशांच्या बाकावर. नाही दिलं तर मालो अर्ध्यात. आणि आई उद्या विचारेल.

तोंडाने म्हणणार नाही. नुसतं लिहीन. लिहिणं म्हणजे काही म्हणणं नव्हे —

हे पवित्र माते, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या