न शिकवलेला ठेका

भोकर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

शाळेत पोरांना हलगी शिकवताना मी एक नेम पाळतो. लग्नाचे, मिरवणुकीचे ठेके शिकवायचे, मढ्यापुढचा न्हाई. धम्मदीक्षा घेतली तेव्हा आज्यानं तो सोडला. पुन्हा हलगीला हात म्हणून लावला न्हाई.

आज सहावीतली श्रावणी नेमका तोच वाजवून राहिली होती. मधला एक ठोका गाळून, अगदी तसाच. मी तिला थांबवलं.

"कोणी शिकवला गं?"

"तुम्हीच की, सर. आम्ही वाजवताना तुमची बोटं टेबलावर हेच वाजवून राहतात."

मला पत्ताच नाही. खरंच नाही.

आज्याचंही असंच. बाजेवर पडला की त्याची बोटं लाकडावर चालायची, आणि मी पायथ्याशी बसून ऐकायचो. तो ठोका कुठं गाळायचा, हे तिथंच माझ्या कानात बसलं. त्यालाही ठाऊक नसेल का?

"पुढचं शिकवा ना, सर."

"हे शिकवायचं नसतं," मी म्हटलं. पण शिकवून तर झालंच होतं.

उद्यापासून वर्गात हात खिशात ठेवायचे, एवढंच लिहायला बसलो होतो. उजवा हात लिहून राहिलाय. डावा टेबलावर वाजवतोय, एक ठोका गाळून.