निळ्या झाकणाचा डबा

बाबा,

मी कामाला निघाले. हे समोर बसून सांगायला गेले असते, तर तुम्ही लगेच पेपर तोंडासमोर धरला असता, म्हणून चिठ्ठी. वाचून फाडून टाका.

काल सेप्टिक टँक उपसायला आलेल्यांनी पाइपातून काय काढलं, ते घरात फक्त मी पाहिलं. तुमच्या लेकाला सांगितलंय, माझ्या कढईतल्या तेलानं पाइप तुंबला. त्यानं मला तेलावर लांबलचक भाषण दिलं आणि मी गरीब गायीसारखं ऐकून घेतलं. आता खरं सांगून माझ्या मेहनतीवर पाणी फिरवू नका.

तर, तुमचे ते लघवीसाठीचे पॅड कमोडमध्ये टाकायचे नाहीत. ते विरघळत नाहीत, फुगून बसतात. तुमच्या बाथरूममध्ये निळ्या झाकणाचा डबा ठेवलाय. कागदात गुंडाळून त्यात टाका. डबा मीच रिकामा करणार, दुसरं कोणी हात लावणार नाही. आणि लाजायचं काय त्यात? बाळंतपणानंतर मलाही पॅड लागायचे, तेव्हा दुकानातून कोण आणायचं? तुम्हीच ना! पुडा माझ्या दाराबाहेर ठेवायचात, खोकायचात आणि पळून जायचात.

बागेतल्या बाकावरचे तुमचे दोस्त विचारत होते, हल्ली फिरायला का येत नाही म्हणून. आज जाऊन या. जॅकेटच्या आतल्या खिशात एक जादाचा पॅड ठेवलाय.

नवा पुडा तुमच्या दाराबाहेर आहे. ठेवताना मी खोकलेसुद्धा, पण तुम्ही घोरत होतात.

तुमची सून